पाचव्या मासाची ओवी

आपल्याकडे विज्ञानाला घरात यायचं असेल तर आधी गाणं म्हणता यावं लागतं. नाहीतर बिचारं दवाखान्याच्या पायरीवरच ताटकळत राहतं. डॉ. इरावती मगदूम यांनी हे इतर शास्त्रज्ञांच्या आधी ओळखलं आणि म्हणूनच त्यांचं नाव झालं. २०४३ साली कोल्हापूर-सांगलीकडे गरोदर बाईच्या फोनमध्ये 'मासओवी' नसेल, तर शेजारणी तिला विचारत, अगं, दवाखान्यात नाव तरी घातलंयस ना?

त्या रविवारी इरावतीबाई कोल्हापूरहून मिरजेला आल्या त्या गाडीची डिकी रिकामी ठेवून. त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, सानिकाचं, सातव्या महिन्यातलं डोहाळेजेवण तिच्या सासरी, चौगुल्यांच्या बंगल्यात होतं, आणि जेवणं उरकली की रीतीप्रमाणे तिला बाळंतपणासाठी माहेरी न्यायचं होतं. नवरा गेल्यापासून इरावतीबाई घरात एकट्याच. गेला महिनाभर त्या सानिकाची खोली लावत होत्या. पडदे बदलले, ते आवडले नाहीत म्हणून पुन्हा बदलले. संस्थेतल्या लोकांनी त्यांना कधी इतकं हळवं झालेलं पाहिलं नव्हतं.

फाटकात शिरताच सानिकाचे सासरे भेटले. ते तालुक्याच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष. फाटकावर तशी पाटीच होती. सासूबाई, त्रिशलाताई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी विहीणबाईंचा हात धरून त्यांना बायकांमध्ये नेलं आणि शाळेत पाहुण्यांची ओळख करून देतात तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ह्याच त्या! मासओवी ह्यांचीच!"

बायकांनी कौतुकानं गराडा घातला. एकीला चौथ्या महिन्यातली ओवी तोंडपाठ होती. दुसरीनं सांगितलं, आमच्या सुनेनं ओवी ऐकून जागरणं सोडली. इरावतीबाई नको नको म्हणत होत्या, पण ते नको नको ऐकण्यासारखंच होतं. खोटं कशाला सांगा, त्यांना हे सगळं फार आवडायचं.

मुळात यंत्र होतं ते निराळंच. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा मजकूर तोच असतो. डोळ्याच्या पेशीत तो आणि यकृताच्या पेशीतही तोच. मग डोळा डोळाच का होतो? कारण त्या मजकुरावर जागोजाग मिथिल नावाचे बारीक रासायनिक ठिपके बसतात. ठिपका बसला की ते जनुक बहुतेक वेळा गप्प होतं, उठला की बोलू लागतं. मजकुरातलं एक अक्षरही बदलत नाही. काय वाचायचं आणि काय सोडायचं, एवढंच बदलतं. ह्या शास्त्राला एपिजेनेटिक्स म्हणतात. गर्भारपणात हे ठिपके झपाट्यानं बसतात, उठतात, आणि बाहेरच्या जगाचा हात त्यांना लागतो. अन्न, उष्मा, भीती, जागरण, धूर, सगळ्यांचाच. बाळाची वार आपल्या डीएनएचे तुकडे आईच्या रक्तात सोडत असते. आईच्या बोटातला थेंब घेऊन त्यातले वारेचे तुकडे वेगळे काढायचे आणि त्यांच्यावरचे ठिपके वाचायचे, हे काम इरावतीबाईंच्या संस्थेच्या यंत्रानं साधलं होतं.

साधलं खरं, पण आकड्यांची ती रांग बायकांना दाखवली की त्या घाबरून पुढच्या महिन्यात येतच नसत. तेव्हा इरावतीबाईंना, त्या स्वतः कविता करणाऱ्या असल्यामुळे, डोहाळ्यांची गाणी आठवली. पहिला मास, दुसरा मास असं करत गर्भिणीचं कौतुक करणारी गाणी. त्यांनी गावोगावच्या बायकांकडून अशी शेकडो गाणी गोळा केली, त्यांवर संगणक शिकवला, आणि मग ठिपक्यांचे आकडे एका बाजूनं घातले की दुसऱ्या बाजूनं त्या बाईपुरती ओवी बाहेर येऊ लागली. तीही गोड म्हाताऱ्या आवाजात. दवाखान्यांत रांगा लागल्या.

एकच माणूस कुरकुरलं होतं. संस्थेतली संख्याशास्त्रज्ञ रुबीना मुजावर. ती म्हणाली होती, "मॅडम, माझ्या तक्त्यात 'कारण अज्ञात' असं लिहिलेलं असतं. गाण्यात ते कुठं जातं?"

"अगं, 'कारण अज्ञात' म्हणून कुणी ओवी म्हटलीय का कधी?" इरावतीबाई हसून म्हणाल्या होत्या.

रुबीना हसली नव्हती. पण तिनं विषय वाढवला नाही, आणि इरावतीबाई तो विसरूनही गेल्या.

आता नवी रीत अशी पडली होती की ओटी भरून झाली की फोन झोपाळ्यावर ठेवायचा आणि त्या बाईच्या सगळ्या महिन्यांच्या ओव्या साऱ्यांनी मिळून ऐकायच्या. सानिका हिरव्या साडीत, मोगऱ्याच्या वाड्या घालून झोपाळ्यावर बसली होती. त्रिशलाताईंनी फोन मागितला तेव्हा ती म्हणाली, "राहू दे ना, मम्मी. नेटवर्कही नाहीये धड."

"नेटवर्कला काय झालंय? आत्ता तर मी भाचीशी बोलले," अमोघच्या सुनंदाआत्या म्हणाल्या. अमोघ म्हणजे सानिकाचा नवरा. तो पलीकडे पंगतीची तयारी बघत होता.

"लाव की गं," इरावतीबाईही म्हणाल्या. "लाजतेस काय?"

सानिकानं आईकडे एकदा पाहिलं आणि फोन दिला.

*पहिल्या गं मासी, काय झाले नवे,*
*अक्षरांचे थवे, पोटी आले.*

बायकांनी माना डोलावल्या. दुसरा मास झाला. तिसऱ्यात उलट्या होत्या, लिंबू होतं, सगळ्या हसल्या.

*तिसऱ्या गं मासी, घास तू जेवली,*
*खूण ती ठेविली, बाळापाशी.*

चौथा सरला. आणि मग तोच गोड आवाज, तितक्याच मायेनं:

*पाचव्या गं मासी, धूर तू गं प्याली,*
*काजळी ती आली, बाळाअंगी.*

कुणाच्या पटकन लक्षात आलं नाही. झोपाळा एकदा मागं जाऊन पुढं आला.

"धूर?" सुनंदाआत्या म्हणाल्या. "चुलीचा व्हय?"

"चूल कुठली आलीय आता?" कुणीतरी म्हणालं.

"मग कसला म्हणायचा?" आत्यांनी सानिकाकडे बघितलं, फाटकावरच्या पाटीकडे बघितलं, आणि आवाज खाली न घेता म्हणाल्या, "सिगरेट व्हय गं पोरी?"

तिनं पाय जमिनीला टेकून झोपाळा थांबवला. बायकांनी आपापल्या साडीच्या निऱ्या नीट करायला घेतल्या. लोक दुसऱ्याची अब्रू जाताना असंच काहीतरी हाताला काम शोधतात. त्रिशलाताईंनी फोन बंद केला, "चला, पानं वाढलीत," म्हणाल्या, आणि इरावतीबाईंच्या जवळून जाताना खालच्या आवाजात एवढंच बोलल्या, "विहीणबाई, सानिकाला आज पाठवायला नको. राहू दे इथंच, माझ्या नजरेसमोर."

इरावतीबाईंच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. मघाशी ज्या बायका त्यांच्याभोवती होत्या, त्या आता सांभाळून लांबून चालल्या होत्या. विहीणबाई आता आपल्या मुलीची राखण करणार! आपली मुलगी, आपण वाढवलेली! शरम होती, आणि त्या शरमेत रागही होता, आणि तो राग, आता लिहिताना संकोच वाटतो, सानिकावर होता. त्या तरातरा तिच्यामागून आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी आधी दार लावून घेतलं.

सानिका पलंगावर बसून हातातल्या फुलांच्या वाड्या सोडत होती.

"सानिका, खरं सांग मला. तू ओढतेस का?"

सानिकाचे हात थांबले. तिनं मान वर केली. तिला राग आलेला नव्हता. तिच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं आणि ते हळूहळू विझत गेलं.

"तुझ्या यंत्रानं सांगितलंय ना," ती म्हणाली. "मग मला कशाला विचारतेस?"

"म्हणजे काय? मी आई आहे तुझी. बाळाचा काही विचार..." आणि बोलता बोलताच इरावतीबाईंना कळलं.

वाक्य अर्धवटच राहिलं. तीस वर्षं ज्या शास्त्रात घालवली त्याचा पहिला धडा त्यांना मुलीसमोर उभं राहून आठवला. ठिपका सांगतो की धूर पोचला. तो कुणाच्या तोंडून निघाला हे ठिपक्याला माहीत नसतं. वारेला तोंड दिसत नाही, खोली दिसत नाही, मोटार दिसत नाही. हे त्यांनी परिषदांमध्ये सांगितलं होतं, विद्यार्थ्यांना परीक्षेत विचारलं होतं. 'तू प्याली' हे यंत्रानं मोजलेलं नव्हतं. ते गाण्यातून आलं होतं. डोहाळ्यांच्या गाण्यात गर्भिणीखेरीज दुसरं कुणी नसतंच. जे काही होतं ते तिच्याच पोटी, तिच्याच जिभेला, तिच्याच मनात. त्या गाण्यांवर शिकलेल्या संगणकाला दोष द्यायला दुसरं माणूसच ठाऊक नव्हतं. आणि इरावतीबाईंना हे सगळं कळत असताना त्यांनी, बाहेरच्या बायकांसारखंच, गाण्यावर विश्वास ठेवला होता.

"कुणाचा धूर?" त्यांनी विचारलं.

"रोज सकाळी अमोघ मला सांगलीला ऑफिसात सोडतो," सानिका म्हणाली. "काचा वर, एसी चालू. फाटकाबाहेर पडलं की तो पेटवतो. सोडतो म्हणाला होता. दर सोमवारी सोडतो."

"आणि तू गप्प बसलीस?"

"सांगून बघितलं. रडून बघितलं. मग रिक्षानं जायला लागले, तर मम्मी म्हणाल्या, घरची गाडी असताना रिक्षा कशाला, धक्के बसतात. पप्पांना कळलं तर ते त्याला घरात उभं करणार नाहीत. गेल्या वर्षीच त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय." तिनं वाड्या पलंगावर ठेवल्या. "ती ओवी मी दोन महिने लपवून ठेवली होती, आई. आणि तू म्हणालीस, लाव की."

इरावतीबाईंना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. जमिनीनं असलं काही केलं नाही. बाहेर पंगतीत कुणीतरी भात मागत होतं.

"मी जाते, सगळ्यांना सांगते," त्या म्हणाल्या.

"काय सांगणार? त्याचं नाव घेणार?" सानिका उठून उभी राहिली. "नाही घ्यायचं. शपथ आहे तुला. माझ्यावरची काढून त्याच्यावर दुसरी ओवी करू नकोस."

इरावतीबाई बाहेर आल्या. बायका पानावर बसल्या होत्या, पुरुष वाढत होते. चौगुल्यांकडे डोहाळेजेवणात तशी पद्धत होती. त्या मधोमध उभ्या राहिल्या तेव्हा बोलणी आपोआप थांबली. काय बोलावं याचा विचार करताच त्यांच्या मनात शब्द आपणहून सहा-सहा अक्षरांत जुळू लागले, आणि त्या तयार सवयीची त्यांना शिसारी आली. त्यांनी ते सगळं बाजूला सारलं आणि सरळ बोलायला लागल्या.

"मला एक चूक सांगायचीय. यंत्र फक्त एवढं सांगतं की बाळापर्यंत धूर पोचलाय. कुणी ओढला, हे त्याला कळत नाही. कधीच कळणार नाही. 'तू प्याली' हे त्यानं गाण्यातून उचललंय, आणि गाणं मी त्याला शिकवलंय. जागरणाचंही तसंच, उपासाचंही तसंच. बाईला कुणी झोपू दिलं नाही, की ती झोपली नाही, हे यंत्राला समजत नाही. ठिपके जन्मभराचेही नसतात, बरेचसे पुसले जातात. हे सगळं मला पहिल्यापासून माहीत होतं. गाण्यात बसत नव्हतं म्हणून मी सोडलं. गाणं छान झालं होतं ना."

पुढचं बोलायला त्यांना जड गेलं.

"माझ्या मुलीनं सिगरेटला हातही लावलेला नाही. आणि तुम्ही विचारलंत तसं मीसुद्धा आत जाऊन तिला विचारून आले. मला लाज वाटते."

मग सुनंदाआत्यांनी, स्वभावच तो, विचारलं, "मग धूर कुणाचा म्हणायचा?"

इरावतीबाईंनी नाव घेतलं नाही. अमोघ मठ्ठ्याचं भांडं घेऊन पंगतीच्या टोकाला उभा होता. त्यानं भांडं खाली ठेवलं, "बर्फ घेऊन येतो," असं पुटपुटला आणि फाटकाच्या दिशेनं निघाला. भांड्यात बर्फ तरंगत होता, तो सगळ्यांना दिसत होता.

"अमोघ, थांब," त्रिशलाताई म्हणाल्या. मुख्याध्यापिकेचा आवाज होता. तो थांबला, पण वळला नाही.

त्रिशलाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही. त्या हातातल्या पळीशी बोलत असल्यासारख्या म्हणाल्या, "धूर आमच्या अमोघचा आहे. ह्या घरात कपडे मशीनला मी लावते. शर्टाचा वास मला वर्षभर येतोय. मघाशी ओवी वाजली तेव्हाही मला माहीत होतं." त्यांनी पळी खाली ठेवली. "आणि माहीत असून मी म्हटलं, सुनेला नजरेसमोर ठेवते. माझा मुलगा वाचला, असं वाटलं मला. क्षणभर बरं वाटलं."

सासरे खुर्चीत बसले होते ते तसेच बसून राहिले. फाटकापाशी अमोघची मान इतकी खाली गेली होती की मागून त्याची कॉलर तेवढी दिसत होती. एरवी कुणाच्या फजितीवर चार दिवस पोट भरणाऱ्या सुनंदाआत्यांनीही पानातली जिलेबी दोन्ही हातांनी मोडायला घेतली.

त्रिशलाताई इरावतीबाईंपाशी आल्या. "न्या तुम्ही तिला, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "अडवायचं तोंड नाही मला."

इरावतीबाईंनी पहिलं काम केलं ते रुबीनाला फोन. "मासओवी बंद कर. सगळ्या दवाखान्यांतली. आत्ता."

"मॅडम, मासओवीला बक्षीस मिळतंय, त्याचा समारंभ पुढच्या महिन्यात आहे," रुबीना म्हणाली. "संचालक विचारतील."

"सांग, मी चुकीचं गाणं लिहिलं. तू म्हणाली होतीस तेव्हाच ऐकायला हवं होतं."

रुबीना म्हणाली, "माझ्या वहिनीनं गेल्या महिन्यापासून ओवी उघडलेलीच नाही, मॅडम. दवाखान्यातही जात नाही. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं." आणि तिनं फोन ठेवला.

किती घरांतल्या किती झोपाळ्यांवर किती मुली अशा पाय टेकून बसल्या असतील, ते इरावतीबाईंना मोजवेना. तरी कुठेतरी छातीवरचं ओझं थोडं उतरलं होतं. चूक कबूल केली, यंत्र थांबवलं, मुलीच्या नावावरचा डाग गेला, विहीणबाईंनी वाट मोकळी करून दिली. आता एवढ्या सगळ्यातून मुलगी तरी मिळाली, असं त्यांना वाटलं. त्या आत गेल्या. सानिका साडी बदलून साध्या कपड्यांत बसली होती. तिची बॅग भिंतीपाशी भरलेली उभी होती.

"चल, निघूया," इरावतीबाई बॅगेकडे हात नेत म्हणाल्या. "उजेडात पोचू."

"मी येत नाही, आई."

"अगं, त्या आता हो म्हणाल्यात!"

"ऐकलं मी. तुझंही ऐकलं, त्यांचंही ऐकलं. मी इथंच राहते."

"इथं? हे सगळं झाल्यावर?" इरावतीबाईंना खरंच समजेना. "ज्यांनी तुला गुन्हेगारासारखं..."

"त्यांना ठिपक्यांतलं काही कळत नाही, आई. तरी त्यांनी मला विचारलं नाही. त्यांनी पोराचं नाव घेतलं, सगळ्या गावासमोर, पप्पांसमोर. तुला सगळं कळतं आणि तू मला विचारलंस."

"मी सगळ्यांसमोर कबूल केलं ना ते."

"केलंस. फार चांगलं बोललीस," सानिका म्हणाली, आणि त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "पण आत आलीस तेव्हा आधी दार लावून घेतलंस. माझी अब्रू झाकायला. म्हणजे मी ओढते हे तुझं ठरलेलंच होतं. मी तुझ्याकडे येऊन काय करू? रात्री मला खोकला आला तरी तू काय विचार करतेयस ते मला ऐकू येईल."

इरावतीबाईंनी बॅगेवरचा हात काढला. असं नाही गं, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण ते तसंच होतं. आजचा प्रसंग नसता तर कदाचित त्यांना स्वतःबद्दल हे कधी कळलंही नसतं. शास्त्र माहीत असूनही आपण आपल्या पोटच्या पोरीपेक्षा आपल्या गाण्याला खरं मानलं, आणि ती हे बघत होती.

दारात त्रिशलाताई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. त्यांनी तो आवाज न करता उंबऱ्यापाशी ठेवला आणि परत गेल्या.

"मग बाळंतपणाला तरी येऊ का मी?" इरावतीबाईंनी विचारलं. ज्यांच्या होकारासाठी डॉक्टर लोक ताटकळत बसत, त्या बाई आपल्या लेकीची परवानगी मागत होत्या.

पोटावर हात ठेवून सानिका खिडकीकडे बघत राहिली.

"ये," ती शेवटी म्हणाली. "पण मला काही विचारू नकोस."

इरावतीबाईंना मान वर करून तिच्याकडे बघता येईना. पलंगावर सोडून ठेवलेल्या मोगऱ्याकडे बघतच त्या म्हणाल्या, "नाही विचारणार."